सिस्टरने सिस्टरला लिहिलेली चिठ्ठी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी काज-बटणाच्या मशीनवर बसते आणि तिथला सुपरवायझरसुद्धा माझ्याजवळून जाताना जरा जपूनच जातो. पण त्या गुरुवारी दवाखान्यात माझं जे झालं, ते एखाद्या गरीब गाईचं झालं असतं ना, तर तिनेही शिंगं रोखली असती.

काम एवढंसं. मला तांबी बसवून घ्यायची होती. मुलगी नऊ आठवड्यांची. मला आणि माझ्या नवऱ्याला, दोघांनाही एचआयव्ही आहे. कळून दोन वर्षं झाली. कुणाकडून कुणाला आलं यावर आम्ही एकदाच भांडलो, सलग तीन दिवस, आणि चौथ्या दिवशी दोघांनी मिळून गोळ्या सुरू केल्या. गोळ्या नीट घेतल्या, म्हणून मुलीची पहिली तपासणी चांगली आली. पुढच्या अजून व्हायच्या आहेत.

नवरा जहाजावर वायरमन. मला सातवा लागला तेव्हा गेला, तो शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, घरी येणार होता. मुलीला त्याने फक्त फोनवर पाहिलं होतं. आता इतक्या महिन्यांनी येणारा माणूस काही नुसता मुलीच्या पायाची बोटं मोजायला येत नाही. कंडोम असतात, आम्ही वापरतोही. पण बोटीवरून उतरलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर मी तीन वर्षं काढायची?

हो, तीन वर्षं. दुसरं मूल मला हवंय. पण आधी हिच्या सगळ्या तपासण्या होऊ देत, माझ्या अंगात जरा रक्त भरू दे, मग. हे मी ठरवलं होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो बरं म्हणाला. राहिल्या सासूबाई. त्यांना आमच्या आजाराचा पत्ता नव्हता, आणि त्यांचं मत असं, की एकाच्या पाठीवर लगेच दुसरं झालं की दुपटी वाया जात नाहीत. तांबीचं नाव काढलं असतं तर त्यांनी ‘का गं?’ विचारलं असतं, आणि सासूबाईंचा ‘का गं?’ एकदा सुरू झाला की तळाला जाऊनच थांबतो. म्हणून मी सांगितलं, थायरॉइडच्या गोळ्या आणायच्यात. त्या म्हणाल्या, थांब, मीही येते, बाळाला कोण धरेल? झालं! तांबी बसवायचा वार गुरुवार, आणि गुरुवारीच ही बाई माझ्या सोबत.

त्यांना बाळासकट बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसवलं आणि मी आत गेले.

ही खोली आधी समजून घ्या. खोली एकच. तिला दोन टोकांना दोन दारं. मधोमध छतापासून जमिनीपर्यंत हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे एक टेबल, ते आमच्या गोळ्यांचं. पलीकडे दुसरं टेबल, ते पाळणा लांबवण्याचं. पडद्याला मधे एक चीर, चिरेत एक फिरती खुर्ची आणि खुर्चीत सिस्टर. इकडे तोंड केलं की ती गोळ्यांची सिस्टर, तिकडे तोंड केलं की पाळण्याची. इकडे तिचा चष्मा सोनेरी काडीचा, तिकडे काळ्या काडीचा.

गोळ्यांची सिस्टर म्हणजे माझी मायच. “ये गं बाई, ये. वजन वाढलं का? लेक कशी आहे? दूध पिते ना?” सगळं विचारून झालं, गोळ्या दिल्या. मी हळूच म्हटलं, “सिस्टर, मला तांबी बसवायचीय. आजच.”

“अगं मग बसव की! चांगला विचार आहे. तुझ्या गोळ्यांना तिचा काही त्रास नाही. फक्त तांबी मूल थांबवते, आजार थांबवत नाही, तेव्हा कंडोमही चालूच ठेवायचे.”

“मग बसवता?”

“मी? इथे नाही गं होत ते. तिथे होतं,” तिने अंगठ्याने स्वतःच्या पाठीमागे खूण केली. “तिथल्या सिस्टरना भेट.”

“तिथे कोण असतं?”

“मीच असते.”

“मग वळा ना.”

“अशी कशी वळू?” ती घाबरून म्हणाली. “गोपनीयता आहे! इकडचं तिकडे जाता कामा नये. तू या दाराने बाहेर जा, वळसा घाल, त्या दाराने आत ये. मी तिथे असेन.”

ऐकावं ते नवलच. पण म्हटलं, असेल काही नियम. बाहेर आले, सासूबाईंच्या समोरून गेले.

“झालं का?” त्या म्हणाल्या.

“होतंय.”

एक्स-रेची खोली, वजनकाटा, पाण्याची टाकी, आणि मग दुसरं दार. आत पडद्यापलीकडे काळ्या काडीचा चष्मा.

“नाव सांगा. पहिल्यांदाच येताय का?”

मी तिच्याकडे पाहतच राहिले. दोन मिनिटांपूर्वी हीच बाई माझ्या लेकीच्या ढेकरांची चौकशी करत होती. “सिस्टर, मी आत्ताच नाही का—”

“नाव,” ती म्हणाली, आणि डोळ्यांनी बाजूच्या बाकाकडे खुणावलं. तिथे एक बाई तिच्या आईबरोबर बसली होती. मी नाव सांगितलं.

“काही औषधं चालू आहेत?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला कसं माहीत असणार, बाई? मी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.”

“चालू आहेत,” मी दात आवळून म्हटलं.

“कुठली?”

बाकावरच्या दोघींनी बोलणं थांबवून कान टवकारले. मी मूग गिळून बसले. सिस्टर म्हणाली, “सांगता येत नसेल तर ज्यांच्याकडे औषधं चालू आहेत, त्यांची चिठ्ठी आणा. चिठ्ठीशिवाय मला काही करता येत नाही.”

परत पाण्याची टाकी, वजनकाटा, एक्स-रे. “झालं का?” “होतंय.” सोनेरी काडी.

“काय म्हणाल्या त्या?” सिस्टरने खरंच कुतूहलाने विचारलं.

“चिठ्ठी मागतात.”

“देते ना.” तिने कागद घेतला आणि वरती लिहिलं, ‘माननीय सिस्टर यांस, स.न.वि.वि.’ मग पेन दाताला लावून विचार करत बसली. “अवघड आहे गं. आजाराचं नाव लिहिलं तर गोपनीयता गेली.” शेवटी तिने लिहिलं: ‘सदर बाईंची माहिती मजकडे आहे. ती आपणास देता येत नाही. तांबी बसवण्यास हरकत नसावी.’ खाली सही केली, पाकीट चिकटवलं, वर दोन पिना मारल्या. “वाटेत उघडू नकोस हं.”

दुसऱ्या दाराने आत गेले तेव्हा बाकावरच्या मायलेकी निघून गेल्या होत्या, खोलीत दोघीच होतो. मला वाटलं, आता तरी बाई माणसात येईल. छे! तिने पिना काढल्या, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“शी! काय अक्षर आहे! कोणी लिहिलंय हे?”

“तुम्ही.”

“माझं अक्षर असं नाही.” तिने कशीबशी चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. “देता येत नाही म्हणजे? ही बाई स्वतःला समजते कोण? माहिती नाही आणि म्हणे हरकत नसावी! उद्या काही झालं तर निस्तरणार कोण, ती की मी?”

मी कपाळाला हात लावला. तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, ओळीखाली दोनदा रेघा ओढल्या, पाकीट, पिना. मी पुन्हा निघाले. सासूबाई बाळाला थोपटत म्हणाल्या, “थायरॉइड आहे की मॅरेथॉन?”

पुढचं काय सांगू! तासभर मी त्या दोघींची पोस्टमनीण झाले. इकडची म्हणायची, “किती उद्धट लिहिलंय गं! मी वयाने मोठी आहे तिच्यापेक्षा.” तिकडची म्हणायची, “अशा माणसांबरोबर काम करायचं म्हणजे नशीबच फुटकं.” मधेच इकडची हळवी झाली आणि लिहिलं की आपण दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो, कटुता नको. तिकडचीने ते वाचलं, चष्मा पुसला, पण हट्ट काही सोडला नाही. सहाव्या फेरीला मी वजनकाट्यावर उभी राहून पाहिलं, खरंच, पाव किलो कमी झाले होते.

सातव्या फेरीला तिकडची म्हणाली, “हे बघा बाई, प्रकरण गुंतागुंतीचं दिसतंय. तांबीला चिठ्ठी लागते. ऑपरेशनला लागत नाही. एकदाच करून टाका. कायमचं बंद. पुन्हा पुन्हा यायची कटकट नको.” आणि तिने फॉर्म पुढे सरकवला. माझं नाव आधीच लिहिलेलं. फक्त सहीची जागा रिकामी, तीही पेन्सिलीने खूण करून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कायमचं कोणी सांगितलं तुम्हाला?” मी टेबलावर थाप मारली. “मी बंद करा म्हटलं का? मला दुसरं मूल हवंय! तीन वर्षांनी हवंय! आमच्यासारख्या बायका दिसल्या की सगळे एक तर ‘कशाला मूल?’ म्हणतात नाही तर ‘बंदच करा’ म्हणतात. ‘थांबते’ म्हणायला काय जागाच नाही का तुमच्या कागदावर? अंग माझं, मूल माझं, आणि ठरवणार तुमच्या खुर्चीतल्या दोघी?”

तेवढ्यात एकचा भोंगा झाला. सिस्टरने काळा चष्मा काढून ठेवला, पायाने खुर्ची ढकलत चिरेतून बाहेर काढली, खिडकीपाशी नेली आणि डबा उघडला. डोळ्यांवर कुठलाच चष्मा नव्हता. ती थकलेली आणि बरीच म्हातारी दिसत होती.

“बस गं,” ती म्हणाली. “जेवणाच्या सुट्टीत मी कोणीच नसते. तुझ्या लेकीचा रिपोर्ट मीच पहिला वाचला होता, माहितीये? वाचून रडले होते मी.”

“मग हा काय छळ मांडलाय माझा?” मला रडूच फुटलं. “उद्या नवरा येतोय. बाहेर सासू बसलीय. मी काय मागितलं असं मोठं?”

तिने घास तसाच डब्यात ठेवला. “सहा वर्षांपूर्वी इथे पडदा नव्हता. एकच टेबल होतं. तुझ्याएवढीच एक मुलगी यायची. एक दिवस तांबीसाठी आली, शेजारी सासू. मी आपली मायेने बोलून गेले, त्या गोळ्या नीट घेतेस ना गं? सासू म्हणाली, कुठल्या गोळ्या? आणि मी सांगितलं. कोणी विचारलं की उत्तर द्यायची सवय माझी. ती मुलगी पुन्हा आली नाही. गोळ्या न्यायलाही नाही. मी तिच्या घरी गेले, तर सासू दारातूनच म्हणाली, अशी कोणी इथे राहत नाही.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “पडदा मी शिवला. चिठ्ठीचा नियमही माझाच. वरच्या साहेबांना तर हे माहीतही नाही. इकडचं तिकडे आठवायचं नाही, अशी मी स्वतःला सवय लावली. आता ती इतकी लागलीय की खरंच आठवत नाही गं. त्या चिठ्ठ्या वाचून मला खरोखर राग येतो.”

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी पडद्याकडे पाहिलं. सगळे टाके वाकडे होते. घाईत शिवलेले.

“सिस्टर,” मी डोळे पुसत म्हटलं, “ही माहिती कुणाची?”

“तुझी.”

“मग ती तुम्ही कशाला सांगायची? मी सांगते. माझ्या हाताने फॉर्मवर लिहिते. तुम्ही तिकडे बसून नुसती वाचा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “चालेल की,” ती हळूच म्हणाली. “हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही दोघीच बोलतोय.”

डबा तसाच ठेवून तिने खुर्ची चिरेत नेली, काळा चष्मा लावला. मी तिथल्या फॉर्मवर, ‘चालू औषधे’ समोर, स्वच्छ अक्षरात लिहिलं: एचआयव्हीच्या गोळ्या, दोन वर्षं. त्याखाली लिहिलं: मूल हवे आहे, तीन वर्षांनी. तिने वाचलं. अगदी पहिल्यांदाच कळल्यासारखं वाचलं आणि म्हणाली, “बरं. तांबी चालेल तुम्हाला. चला आत.” ऑपरेशनचा फॉर्म तिने फाडून टोपलीत टाकला.

कोपऱ्यातल्या दुसऱ्या छोट्या पडद्याआड, उंच टेबलावर, पाच-सात मिनिटांचं काम. पोटात एक कळ आली, मी आईगं म्हटलं आणि झालं. सिस्टर हात धुऊन टेबलाशी गेली. मी उठून कपडे सारखे करत होते, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“कुठाय ती? बाळ भुकेने कळवळतंय, आणि हिच्या चकरा संपेनात! सिस्टर, काय झालंय माझ्या सुनेला?”

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. सासूबाई टेबलासमोर उभ्या, कडेवर रडणारं बाळ, आणि टेबलावर माझा फॉर्म उघडाच. सिस्टर पांढरीफटक पडली. तिने दोन्ही हात पसरले आणि छातीसकट त्या फॉर्मवर आडवी झाली.

“मी यांना ओळखत नाही,” ती टेबलावर गाल टेकवून म्हणाली.

“कोणाला?”

“कोणालाच नाही.”

“अहो, मी विचारतेय, तिला कसल्या गोळ्या देता तुम्ही?”

सिस्टरने खुर्ची गर्रकन तिकडे फिरवली, मग इकडे, मग पुन्हा तिकडे. फॉर्म तिने छातीशी धरला होता आणि तोंड असं घट्ट मिटलं होतं, की मला वाटलं, ही बाई आता श्वासही घेणार नाही. तिला दिसत होतं, सहा वर्षांपूर्वीचं तेच सगळं पुन्हा समोर उभं आहे. मला आत उभं राहून ‘थायरॉइड’ म्हणता आलं असतं. एक शब्द. सासूबाईंनी मानलाही असता.

पण मला वीट आला होता. वळसे घालून घालून माझे पाय दुखत होते.

मी बाहेर आले. “आई, मी सांगते. मला एचआयव्ही आहे. तुमच्या मुलालाही आहे. दोन वर्षं झाली. गोळ्या त्या आजाराच्या आहेत. आत्ता मी तांबी बसवून घेतली. दुसरं मूल तीन वर्षांनी.”

सासूबाईंनी आधी काय केलं, तर बाळाला घट्ट छातीशी ओढलं. माझ्यापासून लांब. माझं काळीज तिथेच फाटलं.

“हिला?” त्यांनी विचारलं.

“पहिली तपासणी चांगली आलीय. अजून आहेत पुढे.”

“आणि तू हिला पाजतेस?”

“गोळ्या नीट चालू असल्या की पाजायला सांगितलंय, आई. सिस्टरनीच सांगितलं.”

“कुठल्या सिस्टरने?”

आम्ही दोघींनी खुर्चीकडे पाहिलं. सिस्टर उठली. दोन वर्षांत मी तिला खुर्ची सोडून त्या पडद्याजवळ उभी राहिलेली पाहिली नव्हती. तिने काळा चष्मा काढला. “मी,” ती म्हणाली. “मी सांगितलं. मी हिला ओळखते. चांगली ओळखते. हिच्याइतक्या वेळेवर गोळ्या घेणारी दुसरी नाही माझ्याकडे.”

बाळ किंचाळत होतं. मग सासूबाईंनी ते माझ्याकडे दिलं. “घे. पाज आधी.”

मी तिथल्याच बाकावर बसले. बाळ गप्प झालं. सासूबाई माझ्यासमोर उभ्याच.

“अडीच वर्षं कर,” त्या म्हणाल्या.

“तीन.”

“पावणेतीन.”

“आई, तीन.”

“बरं बाई, तीन,” त्या चिडून म्हणाल्या, आणि चिडता चिडता त्यांचा आवाज फाटला. “दोन वर्षं एका घरात राहतो आपण. मला कधी दिसलं कसं नाही? कुठे घेतेस तू ती गोळी?”

“बाथरूममध्ये.”

“बाथरूममध्ये? दार लावून?”

“हो.”

“आणि पाणी?”

“नळाचं. ओंजळीत.”

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यांनी हात पुढे केला, तो मधेच थांबला, आणि मग माझ्या गुडघ्यावर येऊन पडला.

“उभ्या उभ्या घेतेस,” त्या म्हणाल्या. “नऊ महिने पोट घेऊनही उभ्या उभ्याच घेतलीस.”

मी मान हलवली.

“आजपासून स्वयंपाकघरात घ्यायची,” सासूबाई म्हणाल्या. “बसून. पेल्यातून पाणी पिऊन.”